ताठ, लवचिक आणि ठिसूळ



रबर ओढलं की लांब होतं, सोडलं की पुन्हा होतं तसं. बॉलपेनची स्प्रिंगही तशीच. याला लवचिकता म्हणतात. रॉबर्ट हूक यांनी १६७८ साली सांगितले, की जोर दुप्पट केला तर स्प्रिंगची वाढही दुप्पट होते. पण फार ताणली तर स्प्रिंग लांबच राहते. म्हणजे प्रत्येक वस्तूला मर्यादा असते. खडू तर वाकतच नाही, काडकन मोडतो. तो ठिसूळ.

लोखंडी गज फार ताठ असतो. सारख्याच मापाच्या ॲल्युमिनियमच्या गजापेक्षा सुमारे तिप्पट ताठ. तरी खूप जोर लावला तर तो वाकतो, खडूसारखा मोडत नाही.

हे कशाला शिकायचं? ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आपल्या जिल्ह्यातलं सास्तूरही पडलं. तिथं दगडामातीच्या जाड भिंती होत्या आणि वर मातीचं जड माळवद. दगड ताठ असतो, पण दोन दगडांमधली माती ताण धरत नाही. भिंती उकलल्या, माळवदं खाली आली. हजारो माणसं झोपेतच दबून गेली.

काँक्रीट दाब सोसतं, पण ताणाला ते कच्चं. ताण गज सोसतो. म्हणून घर बांधताना चारी भिंतींवरून गज घालून काँक्रीटचा पट्टा फिरवतात. तो घराला कमरपट्ट्यासारखा धरून ठेवतो.

आपल्या घराला असा पट्टा आहे का? आज घरी गेल्यावर जरूर विचारा.