मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मखमली मेलानोक्रायसम

फिलोडेंड्रॉन मेलानोक्रायसम ही कोलंबियाच्या दमट जंगलात खोडांवर चढणारी वेल. नवं पान तांबूस निघतं आणि हळूहळू गर्द, काळपट हिरवं होतं. हात लावला तर अस्सल मखमल! आपल्या हिंगोलीत मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो, हवा कोरडी असते; तरी ही वेल घरात छान वाढवता येते.

🌿 माती: हळद-कापसाची आपली काळी माती हिला नको. ती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात. नारळाच्या सोडणाचे तुकडे, परलाइट आणि थोडं गांडूळखत घ्या.

🌿 आधार: मॉस पोल (शेवाळ गुंडाळलेला खांब) लावा आणि तो ओला ठेवा. हवाई मुळं त्यात शिरली की पानं मोठी येऊ लागतात.

🌿 उजेड: पूर्वेची खिडकी, पातळ पडद्याआड.

🌿 दमटपणा: कूलरच्या खोलीत ठेवा, पण थेट झोतात नको.

🌿 पाणी: बोअरच्या जड पाण्याचे पानांवर पांढरे डाग पडतात. साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम. धूळ मऊ ब्रशने झाडा.

पान चावलं तर तोंडाची आग होते, म्हणून लहान मुलं आणि मांजरांपासून दूर ठेवा. आणि रोप कुरिअरने मागवायचं असेल तर उन्हाळ्यात नको, पावसाळ्यातच मागवा!