फ्लॅटची किल्ली मिळाली, पण इमारतीचे कागद कुणाकडे?

नगरला सावेडी, केडगावात गावाकडच्या अनेकांनी फ्लॅट घेतलेत. शेत घेताना सातबारा चार वेळा पाहणारा माणूस फ्लॅटची किल्ली हातात आली की निर्धास्त होतो. इमारतीखालची जागा कुणाच्या नावावर आहे, हे विचारतच नाही.

मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र हे कागद म्हणजे बिल्डरची मेहेरबानी नव्हे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १९ नुसार ताबा मिळाल्यावर आवश्यक कागदपत्रं आणि नकाशे मिळण्याचा हक्क फ्लॅटधारकाला आहे. महारेरात नोंदलेल्या प्रकल्पाची बरीच माहिती तर मोबाईलवर फुकट दिसते. बिल्डर टोलवाटोलवी करत असेल तर महापालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

सोसायटी झाली असेल तर ताळेबंद, सभांची इतिवृत्तं, सभासद नोंदवही हे सभासदाला सोसायटीच्या कार्यालयात मोफत पाहता येतं. चेअरमन ‘नंतर या’ म्हणाले तर तोंडी भांडू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

खरी गोम जागेत आहे. सोसायटी नोंदली तरी अभिहस्तांतरण होईपर्यंत जमीन बिल्डर किंवा मूळ मालकाच्याच नावावर राहते. उद्या इमारत पाडून नवी बांधायची म्हटलं की तिथंच गाडं अडतं. बिल्डर सही देत नसेल तर १९६३ च्या मोफा कायद्याखाली सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो. बिल्डरला नोटीस जाते, सुनावणी होते, पण त्याच्या सहीवाचून काम थांबत नाही. या अर्जाला फ्लॅटधारकांचे नोंदणीकृत करारनामे आणि इंडेक्स टू लागतात. घरात सापडत नसतील तर दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल मिळते.