माळ्यावरची गोधडी

रमजान सुरू झाला की घराचे वेळापत्रक बदलते. पहाटे सहेरी, संध्याकाळी इफ्तार, रात्री तरावीह. या धांदलीत एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. दुपारी स्वयंपाकघर शांत असते. लहान मुले आणि आजारी माणसे सोडली तर जेवणाचा घोर नसतो. जोहरच्या नमाजनंतर इफ्तारच्या तयारीला लागेपर्यंत घरातल्या बाईला तासभर सापडतो. अमरावतीच्या राजापेठेसारख्या जुन्या वस्तीत याच तासाला माळ्यावरचे गाठोडे खाली उतरते. त्यात अर्धवट शिवलेली गोधडी असते.

मुलगी होणार म्हणून शिवायला घेतलेली, आणि आता तीच मुलगी दहावीला. मधल्या काळात शाळेचे डबे, सासऱ्यांचे दवाखाने, नणंदेचे लग्न. काम राहिले ते आळसाने नव्हे. गोधडी चिंध्यांची असते, तसा बाईचा वेळही चिंध्यांचाच. सुदैवाने गोधडीला ते चालते. धावदोरा कुठेही थांबवता येतो आणि तिथूनच पुन्हा धरता येतो.

जुने सुती लुगडे जमिनीवर ताणून पसरायचे, चारही कोपऱ्यांवर वजन ठेवायचे. वर जुन्या धोतरांचे, चादरींचे थर लावून, शेवटी चांगले लुगडे घालून सगळे टाचून घ्यायचे. मग कडेपासून आत आत फेरे घालत मध्याकडे यायचे. सुती कापड धुवून धुवून मऊ झालेले असते, त्यात सुई सहज शिरते. नायलॉनची साडी सरकते आणि घामही टिपत नाही. कापसाच्या वऱ्हाडातच आता जुने सुती लुगडे मिळेनासे झाले. काम रेंगाळण्याचे हेही एक कारण.

दुसरे कारण कुणी बोलून दाखवत नाही. पुष्कळदा ही गोधडी अम्मीने सुरू केलेली असते. तिचे टाके बारीक, एका रेषेत, लेकीचे मोठे. अम्मी गेल्यावर सुई जिथे थांबली, तिथे ती तशीच टोचलेली राहते. पुढचा टाका घातला म्हणजे तिचे काम संपले, असे वाटत राहते. गोधडी मात्र पांघरण्यासाठी असते. माळ्यावर तिला कसर लागते, उंदीर लागतात. आठवण जपायची तर ती अंगावर घ्यावी लागते.

ठिगळाची लाज वाटण्याचेही कारण नाही. प्रेषित हजरत मुहंमद (स.) आपले कपडे स्वतः शिवत, असे हदीसमध्ये नमूद आहे. सूफींनी तर ठिगळांचा झगा हीच आपली ओळख मानली. उत्तर कन्नडमधल्या हल्याळ, यल्लापूर भागात सिद्दी समाजाच्या बाया जुन्या कपड्यांच्याच गोधड्या शिवतात. त्यांना ‘कवंद’ म्हणतात. या समाजात मुस्लिम, हिंदू, ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. कवंदच्या चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची ‘फुले’ लावल्याशिवाय ती पुरी झाली असे धरत नाहीत.

हिशेब सोपा आहे. साडेचार फूट रुंदीच्या गोधडीत बोटभर अंतराने कडेपासून मध्यापर्यंत तीस-पस्तीस फेरे होतात. अर्धी झालेली असेल तर रोज एक फेरा पुरे. ईदच्या आधीच सुई मध्यावर येते. दोरा ओवताना तोंडात धरायची सवय मात्र रोज्यात सोडावी लागते. पाण्याची वाटी जवळ ठेवायची. लेक शेजारी बसली तर तिच्याही हाती सुई द्यावी. तिचे टाके वाकडे पडतील, पडू द्यावेत. एकाच पांघरुणात तिघींचे हात दिसतील.

हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान हळूहळू थंडीकडे सरकतो आहे. 2030 मध्ये तो जानेवारीत येईल आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा सुरू होईल. वऱ्हाडातल्या त्या कडाक्याच्या पहाटे सहेरीला उठलेल्या पोरांच्या खांद्यावर नानीचे लुगडे असेल.