उंदराचा खजिना

'उंदीर' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? कुरतडलेली वही, फाटलेले धान्याचे पोते आणि घरातल्या माणसांची चिडचिड! पण मुलांनो, या जगात असाही एक उंदीर आहे, की ज्याने जमवलेला कचरा शास्त्रज्ञ काळजीपूर्वक तपासतात. त्याचे नाव आहे वुडरॅट.

वुडरॅट उत्तर व मध्य अमेरिकेत आढळतो. त्याच्या वीसहून अधिक जाती आहेत. कोणी जंगलात, कोणी डोंगरकपारीत, तर कोणी वाळवंटात राहतो. त्याचे कान मोठे आणि डोळे टपोरे असतात.

हा प्राणी काटक्या, हाडे, दगड, वाळलेले शेण, जे मिळेल ते गोळा करून घर बांधतो. काही जातींची घरे माणसाच्या कमरेपेक्षाही उंच होतात. वाळवंटातला वुडरॅट आपल्या घरावर निवडुंगाचे काटेरी तुकडे रचतो. त्यामुळे कोल्ह्यासारख्या शत्रूला आत शिरणे कठीण जाते. घरात झोपण्याची जागा वेगळी आणि अन्न साठवण्याची जागा वेगळी असते.

वुडरॅट रात्री बाहेर पडतो. पाने, फळे आणि बिया हे त्याचे अन्न. वाळवंटात पाणी कोठून मिळणार? तेथे तो फड्या निवडुंग खातो. निवडुंगाच्या गरातील ओलाव्यावर त्याची तहान भागते. तो बहुधा एकटाच राहतो. धोका जाणवला, की मागचे पाय जमिनीवर आपटून आवाज करतो.

त्याची एक सवय मोठी गमतीची आहे. तोंडात काडी धरून जाताना त्याला वाटेत एखादी चकचकीत वस्तू दिसली, तर तो काडी तेथेच टाकतो आणि ती वस्तू उचलतो. रानात मुक्काम करणाऱ्या माणसाचे बटण किंवा चमचा असाच नाहीसा होतो आणि त्या जागी काडी सापडते! म्हणून लोक त्याला 'व्यापारी उंदीर' असेही म्हणतात.

वुडरॅट आपल्या ढिगावरच मूत्र करतो. कोरड्या हवेत ते वाळून चिकीसारखे घट्ट होते आणि त्यात पाने, बिया व हाडे जशीच्या तशी टिकून राहतात. १८४९ साली सोन्याच्या शोधात निघालेल्या काही भुकेल्या प्रवाशांना नेवाडाच्या भागात असे चमकदार गोळे सापडले. मिठाई समजून त्यांनी ते खाल्ले! चव गोडसर लागली. पण नंतर त्यांना मळमळू लागले.

या गोळ्यांचे खरे मोल पुढे कळले. फिलिप वेल्स आणि क्लाइव्ह जॉर्गेन्सन या शास्त्रज्ञांनी मोहावी वाळवंटातील जुने ढीग तपासून १९६४ साली आपले संशोधन प्रसिद्ध केले. आज जेथे उजाड वाळवंट आहे, तेथे हजारो वर्षांपूर्वी झाडे होती, हे त्या ढिगांतील पानांवरून समजले. काही ढीग तर चाळीस हजार वर्षांहूनही जुने आहेत.

न्यू मेक्सिकोमधील चाको खोऱ्यात सुमारे हजार वर्षांपूर्वी लोक मोठमोठी दगडी घरे बांधून राहत होते. आज तो भाग जवळजवळ वृक्षहीन आहे. मात्र तेथील वुडरॅटच्या ढिगांत पाइन व जुनिपर या झाडांचे अवशेष मिळाले. जळणासाठी माणसांनी ही झाडे तोडली आणि ती पुन्हा वाढली नाहीत, असा निष्कर्ष १९८१ साली संशोधकांनी मांडला.

झाडे तोडणाऱ्यांनी ही हकीकत कोठेही लिहून ठेवली नव्हती. एका लहानशा उंदराच्या कचऱ्याने मात्र तिची साक्ष जपून ठेवली. आज आपण एखादे झाड तोडतो, तेव्हा त्याचीही साक्ष कोठेतरी राहतेच.

स्वाध्याय

१. वाळवंटातील वुडरॅट आपली तहान कशी भागवतो?
२. वुडरॅटला 'व्यापारी उंदीर' का म्हणतात?
३. वुडरॅटच्या ढिगांवरून शास्त्रज्ञांना कोणती माहिती मिळाली?
४. तुमच्या परिसरात पूर्वी कोणती झाडे होती, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा व पाच वाक्ये लिहा.