खेळासाठीं मॉनिटर निवडतांना

नातवंडांच्या हट्टापायीं खेळाचा मॉनिटर घ्यावयास निघालेला गृहस्थ बहुधा त्याची लांबीरुंदीच पाहतो. वस्तुतः पहिली चौकशी करावी ती हा पडदा सेकंदांत किती वेळां नवें चित्र उमटवितो याची. ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर एक चित्र सुमारें १६.७ सहस्रांश सेकंद टिकतें, १४४ हर्ट्‌झवर अवघें ६.९. धांवपळीच्या खेळांत हा फरक डोळ्यांस तत्काळ जाणवतो. बुद्धिबळ खेळणारानें मात्र त्यापायीं पैसे दवडूं नयेत.

परंतु चित्रें पुरविणारें ग्राफिक्स कार्डच मंद असेल, तर वेगवान पडदा व्यर्थ होय. १९२० × १०८० च्या पडद्यावर सुमारें २०.७ लक्ष बिंदु असतात, 'फोर-के'वर त्याच्या चौपट. कार्डाचें कामहि त्या मानानें वाढतें. बेताच्या कार्डापुढें फोर-केचा हव्यास मला तरी पटत नाहीं.

कार्ड आणि पडदा यांचा ताल चुकला म्हणजे चित्र आडवें फाटल्यासारखें दिसतें. तो ताल जुळविणारी 'फ्रीसिंक' अथवा 'जी-सिंक' योजना आहे ना, हें दुकानांतच विचारावें. आणि घरीं आणल्यावर विंडोजच्या सेटिंगमध्यें १४४ चा आंकडा आपल्या हातानें निवडावा. नाहींतर अधिक दाम मोजलेला पडदा महिनोन्महिने ६० वरच चालत राहतो, आणि कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं.