शिबुयाच्या चौकांत

टोकियो शहरांतील शिबुया रेल्वेस्थानकासमोरचा चौक जगांतील अत्यंत गजबजलेल्या चौकांत गणला जातो. एका लहानशा अनुबोधपटासाठीं त्या गर्दीचें चित्रीकरण करावें, या हेतूनें आम्ही दोघा सहकाऱ्यांसह तेथें गेलों होतों. रस्त्यावर कॅमेऱ्याची तिपाई मांडावयाची तर पोलिसांची परवानगी लागते. ते सोपस्कार उरकून एका पावसाळी संध्याकाळीं आम्ही कामास लागलों.

दिवा बदलला कीं चहूंकडचीं वाहनें एकदम थांबतात आणि पादचाऱ्यांचे लोंढे सरळ, आडवे, तिरपे, वाटेल त्या दिशेनें रस्त्यांत उतरतात. आतां हे एकमेकांवर आदळणार असें क्षणभर वाटतें; पण आरडाओरड नाहीं, रेटारेटी नाहीं. दिवा पुन्हा बदलतो आणि चौक झाडल्यासारखा रिकामा होतो. आम्हांस दादर स्थानकाच्या जिन्याची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं!

रात्रीं बिऱ्हाडीं येऊन घेतलेलीं चित्रें पाहिलीं, तों घोर निराशा झाली. छत्र्या होत्या, बूट होते. माणूस मात्र कोठेंच दिसेना.

दुसऱ्या दिवशीं आमच्या दुभाषी बाईंनीं भेटीची जागा सांगितली ती ‘हाचिकोपाशीं’. आम्हांस पोहोंचावयास अर्धा तास उशीर झाला. बाई शांतपणें उभ्या होत्या. “येथें वाट पाहण्यास कोणी कंटाळत नाहीं,” असें हंसून म्हणत त्यांनीं शेजारच्या कुत्र्याच्या पुतळ्याकडे बोट दाखविलें.

हाचिको हा टोकियोच्या विद्यापीठांतील शेतकीचे प्राध्यापक उएनो यांचा कुत्रा. धन्याच्या परतण्याच्या वेळीं तो स्थानकावर जाई. १९२५ सालीं प्राध्यापक अकस्मात् निवर्तले. मुक्या जिवास तें कोणी समजावून सांगावें? १९३५ च्या मार्चमध्यें स्वतः मरेपर्यंत, जवळजवळ दहा वर्षें, तो त्यांची वाट पाहत राहिला. त्याच्या हयातींतच, १९३४ सालीं, तेथें त्याचा पुतळा उभा राहिला. पुढें महायुद्धांत धातूसाठीं तो वितळविला गेला आणि तो घडविणारे शिल्पकार आंदो तेरू हेही १९४५ च्या हवाई हल्ल्यांत मृत्यु पावले. १९४८ सालीं त्यांच्या मुलानें नवा पुतळा घडविला. तोच आज तेथें आहे.

त्या दिवशीं आम्हीं चौकाकडचा कॅमेरा पुतळ्याकडे वळविला. भोंवतीं सारे वाट पाहणारेच. प्रत्येकास विचारून मगच आम्ही चित्र घेत होतों. एका आजीबाईंनीं हात हलवून नकार दिला; आम्हीं कॅमेरा खालीं घेतला. थोड्याच वेळानें गर्दींतून एक शाळकरी मुलगी धांवत त्यांच्याकडे आली. त्या वेळचा आजीबाईंचा चेहरा आमच्या चित्रपटांत नाहीं, परंतु तो आम्ही विसरणें शक्य नाहीं.

कामाच्या गडबडींत चार दिवस आम्हीं घरीं दूरध्वनि केला नव्हता. त्या रात्रीं केला. टोकियोंत दीड वाजला होता, पुण्यांत दहा. एरवीं नवाच्या ठोक्याला निजणाऱ्या आमच्या मातोश्री जाग्याच होत्या.