रुग्णामागे दीड लाख मिळत नव्हते

कोरोनाची साथ ओसरून काही वर्षं झाली, पण एक वाक्य अजून ओसरलेलं नाही. लग्नाच्या पंगतीत, एसटी स्टँडवर, देवळाच्या पारावर विषय निघाला की कोणीतरी छातीठोकपणे सांगतं, "काही नव्हतं हो ते. एक पेशंट पॉझिटिव्ह दाखवला की दीड लाख मिळायचे. सगळे आकडे फुगवलेले." सांगणारा शेतकरी असतो, शिक्षक असतो, बँकेतला अधिकारीही असतो. रक्कम ठरलेली असते. देणारा मात्र दरवेळी बदलतो: कधी केंद्र सरकार, कधी जागतिक आरोग्य संघटना, कधी औषध कंपन्या. घेणाराही बदलतो: दवाखाना, महापालिका, ग्रामपंचायत आणि कधी कधी चक्क आशाताई.

आशाताईंचं नाव यात ओढलं जातं तेव्हा खरोखर संताप येतो. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरणाऱ्या या बायकांना कोरोनाच्या कामासाठी केंद्राकडून महिन्याला हजार रुपये भत्ता होता. जून २०२१ मध्ये मानधनवाढीसाठी त्यांना संप करावा लागला आणि वाढ मिळाली ती दीड हजार रुपयांची. रुग्णामागे पैसे मिळत असते तर हा संप झालाच नसता.

दीड लाख हा आकडा कुठला?

हा आकडा आभाळातून पडला नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तेव्हा एका कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण होतं. एरवी ही योजना प्रामुख्याने पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकाधारकांसाठी होती. मे २०२० मध्ये राज्य सरकारने ती सगळ्या नागरिकांसाठी खुली केली, आणि कोरोनाचे उपचारही तीत आले. 'दीड लाखापर्यंत मोफत उपचार' या बातमीचं 'दवाखान्याला दीड लाख' कधी झालं ते कळलंही नाही, असंच यामागे घडलेलं दिसतं.

या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दीड लाख ही वरची मर्यादा होती. योजनेतल्या रुग्णालयाला पैसे मिळायचे ते प्रत्यक्ष केलेल्या उपचाराचे, ठरलेल्या पॅकेजच्या दराने, कागदपत्रं तपासून दावा मंजूर झाल्यावर. पीकविम्याच्या पावतीवर संरक्षित रक्कम छापलेली असते. म्हणून प्रत्येक शेतकऱ्याच्या खात्यात ती जमा होते का? हे ज्याला कळतं त्याला योजनाही कळायला हरकत नाही.

शिवाय कोरोनाचे बहुसंख्य रुग्ण रुग्णालयात गेलेच नाहीत. घरातल्या एका खोलीत किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत थाटलेल्या विलगीकरण केंद्रात ते बरे झाले. त्यांच्या नावावर कोणत्या दवाखान्याने कोणाकडे बिल लावायचं होतं?

पॉझिटिव्ह 'दाखवायचं' तरी कसं?

एक नमुना डोळ्यांसमोर आणा. तालुक्याच्या केंद्रावर नाकातून आणि घशातून स्वॅब घेतला जातो. माणसाचं नाव, वय, पत्ता, मोबाइल क्रमांक नोंदवून त्या नमुन्याला एक ओळख क्रमांक मिळतो. काडी द्रावण असलेल्या नळीत जाते, नळी बर्फाच्या पेटीत, पेटी गाडीने प्रयोगशाळेत. तिथला तंत्रज्ञ त्या माणसाला ओळखत नाही. यंत्र नमुन्यातल्या विषाणूच्या जनुकीय अंशाच्या प्रती वाढवत जातं. अंश असेल तर संकेत उमटतो, नसेल तर उमटत नाही. निकाल आयसीएमआरच्या पोर्टलवर चढतो. स्वॅब घेणारा एक, तपासणारा दुसरा, नोंद ठेवणारा तिसरा आणि उपचार करणारा बहुधा चौथाच.

मार्च २०२० मध्ये अशी तपासणी राज्यात पुण्याची एनआयव्ही, मुंबईचं कस्तुरबा रुग्णालय आणि नागपूरचं इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालय अशा मोजक्याच ठिकाणी होत होती. पुढे सरकारी आणि खासगी मिळून शेकडो प्रयोगशाळा झाल्या. त्या सगळ्यांनी, एकमेकींना न ओळखता, दोन वर्षं एकच खोटं बोलायचं ठरवलं होतं, असं मानल्याशिवाय 'फुगवलेले आकडे' हा दावा उभाच राहत नाही.

फायदा आकडा लहान दाखवण्यात होता

पालिका आयुक्त असो वा सरपंच, मोठा आकडा कोणालाच नको होता. जून २०२१ पासून जिल्ह्यांचे आणि मोठ्या शहरांचे निर्बंध पाच स्तरांत ठरायचे. पॉझिटिव्हिटी दर, म्हणजे शंभर चाचण्यांत सापडलेले बाधित, पाच टक्क्यांखाली आणि ऑक्सिजन खाटा पंचवीस टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या, तर पहिला स्तर, म्हणजे जवळपास सगळं खुलं. दर पाच ते दहा टक्के असला की तिसरा स्तर, आणि दुकानांचं शटर दुपारी चारला खाली. आकडा वाढला की व्यापारी, हॉटेलवाले, रिक्षावाले सगळे त्याच अधिकाऱ्याच्या दारात जाणार. अशा वेळी आकडा मुद्दाम वाढवेल कोण?

बक्षीसही उलट्याच बाजूला होतं. त्याच महिन्यात राज्य सरकारने 'कोरोनामुक्त गाव' स्पर्धा जाहीर केली. प्रत्येक महसुली विभागात पहिलं बक्षीस ५० लाख, दुसरं २५ लाख, तिसरं १५ लाख रुपये. रुग्ण नसलेल्या गावाला पैसे मिळणार होते. पारावरची गोष्ट सांगते त्याच्या हे नेमकं विरुद्ध आहे.

आकडे चुकले, पण कमी होते म्हणून

सरकारी आकड्यांवर शंका घेऊच नये असं मी म्हणत नाही. आकडे अपुरे होतेच. पण पुरावा कोणत्या दिशेला बोट दाखवतो ते पाहा.

जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तीन वॉर्डांत लोकांचं रक्त तपासलं. झोपडपट्टीत ५७ टक्के आणि इतर वस्तीत १६ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडं सापडली. म्हणजे इतक्यांना संसर्ग होऊन गेला होता. तेव्हा अख्ख्या मुंबईची नोंदलेली रुग्णसंख्या एक लाखाच्या थोडी वर, जेमतेम लोकसंख्येच्या एक टक्का होती. बहुतेक संसर्ग मोजलेच गेले नव्हते.

मृत्यूंचंही तेच. १६ जून २०२० रोजी राज्याने आधी नोंदायचे राहिलेले १,३२८ मृत्यू एकदम यादीत घातले. त्यांतले ८६२ मुंबईचे होते. मृतांच्या वारसांना ५० हजार रुपये सानुग्रह मदत सुरू झाल्यावर, जानेवारी २०२२ पर्यंत महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक अर्ज आले. तोवर राज्याची अधिकृत मृत्युसंख्या सुमारे १ लाख ४१ हजार होती. काही अर्ज दुबार असतील, काही बाद झाले असतील. तरी कल कुठे होता ते स्पष्ट आहे.

देशाची नागरी नोंदणी पाहा. २०२० मध्ये सर्व कारणांनी झालेल्या ८१ लाखांवर मृत्यूंची नोंद झाली, २०२१ मध्ये १ कोटी २ लाखांवर. एका वर्षात २१ लाखांच्या आसपास वाढ. नोंदणी सुधारल्याचा भाग वजा केला तरी ही वाढ अफवेत मावत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज ४७ लाख दिला. भारत सरकारने त्या पद्धतीवर आक्षेप घेतला आणि तो वाद आहेच. पण त्या वादात दोन्हीकडचं कोणीही 'अधिकृत आकडा फुगवलेला होता' असं म्हणत नाही.

मग लूट झाली नाही का?

झाली, आणि गोंधळाचं मूळ इथेच आहे. राज्याने २१ मे २०२० रोजी खासगी रुग्णालयांचे दर बांधले: साध्या विलगीकरण कक्षाला दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागाला ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. तरीही बिलं वाढवून लावली गेली, म्हणून लेखापरीक्षक नेमावे लागले. रेमडेसिविर काळ्या बाजारात गेलं. जम्बो कोविड केंद्रांच्या कंत्राटांची ईडीपर्यंत चौकशी गेली. ज्याने दागिने मोडून बिल भरलं त्याचा राग शंभर टक्के खरा आहे.

पण खऱ्या रुग्णाला लुटलं, यावरून रुग्ण खोटा होता असं ठरत नाही. उलट खाटा भरलेल्या होत्या, माणसं अडलेली होती, म्हणूनच लुटता आलं. 'सगळं नाटक होतं' म्हणणारा माणूस नकळत लुटणाऱ्यालाच सोडवतो, कारण मग प्रश्न बिलाचा राहत नाही, आजार होता की नाही याचा होतो.

अफवा लोकांना पटली याचं दुसरं कारण भीती हे होतं. सुरुवातीला गावांच्या वेशी काटेरी फांद्यांनी बंद झाल्या. शहरात बाधिताच्या गल्लीला पत्रे ठोकले गेले, दारावर फलक लागला, शेजाऱ्यांनी दूध-भाजीही तोडली. पॉझिटिव्ह येणं म्हणजे रोजगार आणि इभ्रत दोन्ही जाणं. अशा वेळी 'रिपोर्टच खोटे असतात' हे वाक्य आधार देतं. त्या माणसाला दोष द्यावासा वाटत नाही. पण त्या आधाराची किंमत फार मोठी होती. ताप आला, गावातच सलाईन लावलं, तपासणी टाळली, आठव्या दिवशी धाप लागली आणि ऑक्सिजन ऐंशीच्या खाली गेल्यावर जिल्ह्याच्या ठिकाणी खाट शोधायला गाडी निघाली. २०२१ च्या एप्रिलमध्ये अशा गाड्या खाट न मिळता फिरत राहिल्या.

'चाचण्या वाढवल्या म्हणून रुग्ण वाढले'

हा दुसरा हट्टी गैरसमज. शंभर चाचण्यांत पाच बाधित सापडले तर दर पाच टक्के. साथ तेवढीच असेल आणि चाचण्या हजार केल्या, तर बाधितांची संख्या वाढेल, पण दर वाढणार नाही. सहसा घटेल, कारण आता लक्षणं नसलेलेही तपासले जातात. मार्च २०२१ च्या अखेरीस केंद्राने महाराष्ट्राचा साप्ताहिक दर २३ टक्के सांगितला. देशाचा तेव्हा सहाच्या आत होता. चाचण्या वाढूनही दर चढत असेल तर साथच वाढते आहे. अमरावतीत फेब्रुवारीतच वाढ दिसली आणि २२ तारखेपासून टाळेबंदी लागली, तेव्हाही आकडे खोटे असल्याची ओरड झाली. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८,६३१ रुग्ण नोंदले गेले.

आणखी काही, थोडक्यात

*'सोमवारी आकडा कमी, म्हणजे आकडे हातचे.'* रविवारी नमुने कमी घेतले जायचे, म्हणून. सात दिवसांची सरासरी पाहावी.

*'हार्ट अटॅकने गेलेल्यालाही कोरोना लिहायचे.'* संसर्गामुळे रक्ताच्या गुठळ्या होऊन हृदय बंद पडतं, तेव्हा मूळ कारण कोरोनाच असतं. अपघात, खून, विषबाधेचे मृत्यू यात धरू नयेत असे स्पष्ट निर्देश होते.

*'मृतदेह बॅगेत गुंडाळून देतात, कारण आत किडनी काढलेली असते.'* प्रत्यारोपणासाठी अवयव घेताना त्यात रक्तपुरवठा चालू असावा लागतो किंवा थांबल्यावर मिनिटांत तो काढावा लागतो. संसर्गाने गेलेल्या माणसाचा अवयव कोणता सर्जन बसवेल? बॅग संसर्ग टाळण्यासाठी होती, आणि केंद्राच्या सूचनेनुसार नातेवाइकांना चेहरा पाहू देण्याची मुभा होती.

*'पपई आणि शेळीही पॉझिटिव्ह आली.'* हा दावा टांझानियाच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांचा. पुरावा त्यांनी कधीच दिला नाही.

*'कोरोना काय रात्रीच फिरतो?'* हा प्रश्न रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या मुख्य वैज्ञानिक सौम्या स्वामिनाथन यांनीही जानेवारी २०२२ मध्ये रात्रीच्या संचारबंदीमागे विज्ञान नसल्याचं म्हटलं होतं. निर्बंधावर टीका करता येते. त्यासाठी रुग्ण खोटे ठरवावे लागत नाहीत.

महाराष्ट्रात या आजाराने गेलेल्यांची अधिकृत संख्या सुमारे १ लाख ४८ हजार आहे, आणि ती कमीच आहे. पुढच्या वेळी कोणी दीड लाखाची गोष्ट सांगितली तर भांडू नका. तीनच प्रश्न विचारा: पैसे कोणत्या शासन निर्णयाने मिळत होते, कोणत्या खात्यातून आणि कोणाला? उत्तर मिळणार नाही. पुढची साथ येईल तेव्हा ताप आल्यावर आपल्या माणसाने पहिल्या दिवशीच तपासणी करावी की आठव्या, हे आज आपण ही अफवा खोडतो की पुढे ढकलतो यावर ठरणार आहे. ती खोडा.